इंजिनांचे प्रगतिपुस्तक

कामाच्या जागी माणसाने शिकत राहिले पाहिजे, हे वाक्य आता इतक्या वेळा कानावर पडते की त्यावर वाद घालायला कोणी उरलेले नाही. कारखान्यांत प्रशिक्षण वर्ग भरतात, बँकांत भरतात, शिक्षकांसाठी तर ते सक्तीचेच असतात. वर्ग होतो, हजेरीपटावर सह्या होतात, प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर प्रत्यक्ष कामात काय फरक पडला, हे पाहण्याची सोय मात्र क्वचितच असते. शिकणे मोजायचे कसे, हा प्रश्न वर्गातल्या मुलांबाबत अवघड आहे. कामावरच्या मोठ्या माणसांबाबत तो त्याहून अवघड आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे. एका लहानशा प्रदेशातील माणसे आपल्या रोजच्या कामातून तीस-पस्तीस वर्षे सतत शिकत राहिली, आणि ती किती शिकली याचा आकडा दर महिन्याला छापला गेला. तेथे वर्ग नव्हते की अभ्यासक्रम नव्हता. एक छापील तक्ता तेवढा होता. त्या तक्त्याची गोष्ट आम्ही येथे सांगणार आहोत. विषय वाफेच्या इंजिनाचा असल्याने विज्ञानाच्या शिक्षकांना ती वर्गातही उपयोगी पडेल.

स्थळ आहे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल हा परगणा. येथे जमिनीखाली तांबे आणि कथील होते. जसजसे खोल जावे तसतसे धातुक अधिक मिळे आणि पाणीही. हे पाणी उपसले नाही तर खाण बुडायची. उपसायला वाफेचे इंजिन हवे, इंजिनाला कोळसा हवा, आणि कॉर्नवॉलमध्ये नेमका कोळसाच नव्हता. तो समुद्रमार्गे दक्षिण वेल्समधून येई. जी जहाजे कोळसा घेऊन येत तीच तांब्याचे धातुक गाळण्यासाठी वेल्सला घेऊन जात. म्हणजे खाणीचा नफा-तोटा बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरे: एवढ्या कोळशात पाणी किती वर येते?

कोळशाच्या खाणींवर असलेल्या इंजिनांना ही चिंता नव्हती. तेथे विकण्यालायक नसलेला चुरा भट्टीत टाकला तरी चाले. म्हणून न्यूकोमेनचे १७१२ मधील इंजिन अतिशय खादाड असूनही कोळशाच्या खाणींवर सुखाने नांदले. कॉर्नवॉलला ते परवडेना. जेम्स वॉटने संघनक वेगळा काढून कोळसा वाचवणारे इंजिन बनवले, तेव्हा त्याला सर्वांत अधीर गिऱ्हाईक कॉर्नवॉलमध्येच मिळाले यात नवल नाही. १७७७ पासून तेथे वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची इंजिने बसू लागली.

इंजिनाची किंमत वसूल करण्याची या दोघांची पद्धत मोठी चतुर होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा खाणीने त्यांना द्यायचा. मग बचत मोजणे आले. त्यासाठी इंजिनाच्या डुलणाऱ्या तुळईवर एक काउंटर बसवलेला असे. तुळई एकदा वरखाली झाली की त्याचा काटा एका आकड्याने पुढे सरके. तो काउंटर कुलूपबंद पेटीत असे आणि किल्ली कंपनीकडे राही. दट्ट्याच्या किती खेपा झाल्या त्यावरून पाणी किती उपसले हे निघे, आणि त्यावरून बिल निघे.

या काउंटरकडे आणि त्याच्या किल्लीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढची सगळी गोष्ट त्याभोवतीच फिरते.

वॉटचे पेटंट १७६९ चे. पार्लमेंटने १७७५ मध्ये कायदा करून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली होती. पेटंटाचे शब्द इतके व्यापक होते की दुसऱ्या कोणी इंजिनात काही वेगळे करू म्हटले तर कोर्टाची पायरी चढावी लागे. जोनाथन हॉर्नब्लोअर या कॉर्नवॉलच्याच इंजिनिअरने १७८१ मध्ये दोन सिलिंडरांचे इंजिन पेटंट केले होते. वाफ आधी एका सिलिंडरमध्ये आणि मग तीच वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये वापरायची, अशी ती चांगली कल्पना होती. पण वॉटच्या पेटंटाशी झगडता झगडता ती तेव्हा वायाच गेली. खाणमालक आणि बोल्टन-वॉट यांच्यातही रॉयल्टीवरून सतत कुरबुर चाले. काउंटर अचूक होता आणि माहितीही अचूक होती, पण ती एकाने दुसऱ्याकडून पैसे घेण्यापुरती. शेजारच्या खाणीवर कोणते इंजिन कसे चालते आणि का चालते, हे कळण्याचा मार्ग त्यातून निघत नव्हता.

१८०० साली पेटंट संपले आणि बोल्टन-वॉट कंपनीने कॉर्नवॉलमधून आपला मुक्काम हलवला. रॉयल्टी संपली म्हणून खाणमालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आता सगळे मोकळे. वाटेल ते प्रयोग करावेत. प्रत्यक्षात पुढची दहा वर्षे काही विशेष घडले नाही. उलट इंजिनांची कामगिरी घसरली, असे नंतरच्या नोंदी सांगतात. कुलूप गेले, त्याबरोबर मोजणेही गेले. देखभालीकडे दुर्लक्ष होऊ लागले. दट्ट्याभोवतीचे पॅकिंग झिजले, झडपा गळू लागल्या, तरी ते कोणाच्या ध्यानात येईना, कारण कालच्यापेक्षा आज कोळसा जास्त जळतो आहे हे सांगणारे काही उरले नव्हते. बंधन काढून घेतले की माणसे आपोआप शिकू लागतात, ही समजूत किती अपुरी आहे याचा हा नमुना.

१८११ मध्ये काही खाणींच्या व्यवस्थापकांनी एकत्र येऊन ठरवले की आपापल्या इंजिनांची कामगिरी दरमहा मोजून घ्यायची आणि ती सर्वांना दिसेल अशी छापायची. (व्यवस्थापकांना तेथे ‘कॅप्टन’ म्हणत, जहाजाशी त्याचा संबंध नाही.) हे काम जोएल लीन या अनुभवी आणि सर्वांच्या विश्वासातील खाण-कॅप्टनवर सोपवले गेले. ऑगस्ट १८११ मध्ये पहिले पत्रक निघाले तेव्हा त्यात मोजकीच इंजिने होती. पुढच्याच वर्षी लीन वारला. पण त्याच्या मुलांनी काम चालू ठेवले, आणि ‘लीनचे इंजिन पत्रक’ हे नाव रूढ झाले ते १९०४ साली ते बंद पडेपर्यंत.

पद्धत बाहेरून पाहता वॉटचीच होती. तुळईवर काउंटर, काउंटरला कुलूप. फरक किल्लीत होता. ती आता ना इंजिन विकणाऱ्याकडे होती, ना ते वापरणाऱ्या खाणीकडे. ती होती पत्रककर्त्याकडे. महिन्यातून एकदा तो येई, आकडा वाचे, कोळशाचा हिशेब घेई आणि पुढच्या खाणीकडे जाई. त्याला त्या आकड्यावरून कोणाकडून काही वसूल करायचे नव्हते. त्याचे मानधन खाणींच्या वर्गणीतून येई, आकडा कमी असो की जास्त.

आता या आकड्याचे विज्ञान पाहू. कॉर्नवॉलमध्ये त्याला ‘ड्यूटी’ म्हणत. आपण ‘कामगिरी’ म्हणू. एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर चढले, ती इंजिनाची कामगिरी. कॉर्नवॉलचा बुशेल ९४ पौंडांचा, म्हणजे ४२.६ किलोंचा. १८११ च्या सुमारास पत्रकातील इंजिनांची सरासरी होती सुमारे १ कोटी ७० लाख फूट-पौंड. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो आपल्या एककांत करू. १ फूट-पौंड म्हणजे १.३५६ जूल. तेव्हा १ कोटी ७० लाख फूट-पौंड म्हणजे सुमारे २.३ कोटी जूल. १०० मीटर खोल खाणीतून १ किलो पाणी वर आणायला ९८० जूल लागतात. भागाकार केला की उत्तर येते साडेतेवीस हजार किलो, म्हणजे साडेतेवीस हजार लिटर पाणी. एक बुशेल कोळशात दोन-तीन टँकर पाणी शंभर मीटर वर.

कोळशात मुळात ऊर्जा किती होती? चांगल्या कोळशाची किलोमागे ३ कोटी जूल धरली तर ४२.६ किलोंची होते सुमारे १२८ कोटी जूल. म्हणजे इंजिनाने वापरली ती शेकडा १.८ ऊर्जा. उरलेली ९८ टक्क्यांहून अधिक धुराड्यातून, संघनकाच्या गरम पाण्यातून आणि तापलेल्या लोखंडातून निघून जात होती. हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे. कार्यक्षमतेची व्याख्या पाठ करण्यापेक्षा ते बरे.

या आकड्याचा मोठा गुण असा की लहान-मोठी, नवी-जुनी, उथळ-खोल खाणीवरची सगळी इंजिने एकाच मापात बसतात. पण एवढ्यावर थांबले असते तर लीनचे पत्रक म्हणजे नुसती गुणवत्ता यादी झाली असती. पत्रकात खाणीचे नाव, सिलिंडरचा व्यास, दट्ट्यावर चौरस इंचामागे पडणारा भार, दट्ट्याच्या खेपेची लांबी, पंपांची खोली व व्यास, किती कोळसा जळला, किती खेपा झाल्या, मिनिटाला किती खेपा, हे सगळे रकाने होते. शेवटचा रकाना होता इंजिनिअरच्या नावाचा आणि शेऱ्याचा. पाणी सरळ उभ्या विहिरीतून चढते की वाटेत तिरके, तुळई सिलिंडरच्या वर आहे की नाही, तोल सांभाळायला वजने कोठे लावली आहेत, असे शेरे त्यात असत. तिरक्या विहिरीत पंपाचे दांडे घासतात, तेव्हा तेथला कमी आकडा इंजिनाचा दोष नव्हे, हे वाचणाऱ्याला लगेच कळे. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. प्रगतिपुस्तकात गुणांचा आकडा मुलाचा नंबर सांगतो. पुढे काय करायचे ते, कोणी मन लावून लिहिला असेल तर, शेरा सांगतो.

परिणाम लवकरच दिसू लागला, आणि तो पहिल्यांदा दिसला जुन्याच इंजिनांत. नवीन शोध कोणताही न लागता पहिल्या तीन-चार वर्षांत सरासरी २ कोटींच्या वर गेली. दट्ट्याचे पॅकिंग वेळेवर बदलणे, भट्टीत कोळसा पातळ आणि वारंवार घालणे, गळक्या झडपा घासून बसवणे, अशा किरकोळ कामांचा तो परिणाम होता. भट्टीवाल्यालाही आता आपल्या इंजिनाचा आकडा ठाऊक होता आणि शेजारच्याचाही.

मग मोठे बदल आले. १८१२ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्पर या खाणीवर एक इंजिन बसवले. (‘व्हील’ म्हणजे कॉर्निश भाषेत खाण, चाकाशी त्याचा संबंध नाही.) त्यात वाफेचा दाब वॉटच्या इंजिनापेक्षा कितीतरी पट होता. वाफ सिलिंडरमध्ये थोडीच आत घ्यायची, झडप लवकर बंद करायची आणि कोंडलेल्या वाफेनेच प्रसरण पावत दट्ट्या शेवटपर्यंत ढकलायचा, अशी त्याची रीत होती. प्रसरणाची कल्पना वॉटलाही माहीत होती. त्याने १७८२ मध्ये तिचे पेटंटही घेतले होते. पण कमी दाबाच्या वाफेला प्रसरणाने फारसे काही देता येत नाही. फुग्यात हवाच कमी असेल तर तो सोडल्यावर धावणार किती? दाब वाढवायला वॉटचा विरोध होता, त्याला बॉयलर फुटण्याची भीती वाटे. ट्रेव्हिथिकने त्यासाठी बॉयलरही वेगळा केला. लांब नळकांडे, त्याच्या पोटात दुसरे नळकांडे आणि त्या आतल्या नळकांड्यात भट्टी. हाच पुढे ‘कॉर्निश बॉयलर’ म्हणून जगभर गेला.

ट्रेव्हिथिकने या इंजिनाचे पेटंट घेतले नाही. कोणीही यावे, पाहावे, तसेच करावे किंवा त्याहून चांगले करावे. दोनच वर्षांनी आर्थर वुल्फने व्हील अब्राहम खाणीवर दोन सिलिंडरांचे इंजिन बसवले. हॉर्नब्लोअरची अडलेली कल्पना आता जास्त दाबाच्या वाफेवर चालली, आणि लवकरच तिची कामगिरी ५ कोटींच्या पुढे गेली. सरासरीच्या दुपटीहून अधिक! वुल्फचेच इंजिन आता सगळीकडे बसणार असे वाटू लागले. पण पत्रक दरमहा निघत होते. वुल्फच्या इंजिनाचा आकडा पुढे टिकेना, आणि एका सिलिंडरची साधी, स्वस्त इंजिने त्याच्या जवळ येऊ लागली. खाणींनी साधे इंजिन निवडले. कोणाच्या व्याख्यानाने किंवा कोणाच्या अधिकाराने हा निर्णय झाला नाही. दहा वर्षांचे तक्ते सर्वांसमोर होते.

यानंतरचे नाव सॅम्युएल ग्रोसचे. त्याने काय शोधले? खरे तर काहीच नाही. सिलिंडर, वाफेच्या नळ्या, बॉयलरचा माथा, जेथून जेथून उष्णता निसटते तो प्रत्येक भाग त्याने जाड वेष्टणाने झाकून टाकला. हिवाळ्यात आपण गोधडी घेतो तसे. १८२८ मध्ये व्हील टोवन खाणीवरील त्याच्या इंजिनाने साडेआठ कोटींचा टप्पा ओलांडला. पाठोपाठ इतर इंजिनांवरही वेष्टणे चढली. १८३५ मध्ये फॉवी कॉन्सोल्स खाणीवर विल्यम वेस्टच्या इंजिनाची साक्षीदारांसमोर चाचणी झाली, त्यात साडेबारा कोटींचा आकडा मिळाला. एवढ्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसेना म्हणूनच साक्षीदार लागले. वरच्या हिशेबाने ही कार्यक्षमता शेकडा १३ होते.

विक्रमांपेक्षा सरासरी पाहावी. १८२० मध्ये ती सुमारे २ कोटी ८० लाख होती, १८३० मध्ये सुमारे ४ कोटी ३० लाख, आणि १८४० च्या दशकाच्या मध्यास ६ कोटींच्या वर गेली. तेवढ्याच कोळशात आता शंभर मीटर खोलीवरून साडेतेवीस हजारांऐवजी ८३ हजार लिटर पाणी येऊ लागले. यात एक मोठी उडी कोठेच दिसत नाही. कोणी झडप बंद करण्याची वेळ थोडी अलीकडे आणली, कोणी दाब थोडा वाढवला, कोणी सिलिंडरचा व्यास बदलून पाहिला. जे जमले ते पुढच्या महिन्यात छापून आले आणि तेथून पुढचा माणूस सुरू झाला.

येथे संशोधकाच्या सवयीने एक सावधगिरीचा शब्द घालणे भाग आहे. ही सरासरी पत्रकात असलेल्या इंजिनांची आहे. पत्रकात येणे सक्तीचे नव्हते. ज्याचे इंजिन वाईट चालते तो नाव नोंदवायला उत्सुक नसणार, तेव्हा सरासरी खऱ्यापेक्षा थोडी फुगलेली असू शकते. शिवाय कामगिरी मोजताना पंपाचे नळकांडे दर खेपेला पूर्ण भरते असे धरले जाई. गळतीचा हिशेब नसे. हे दोन्ही आक्षेप मान्य करूनही वाढ खरीच होती. १८३० च्या दशकाअखेर लंडनच्या एका पाणीपुरवठा कंपनीचा इंजिनिअर थॉमस विकस्टीड याने कॉर्निश इंजिन आणून ओल्ड फोर्ड येथे बसवले, तेथेही त्याने कोळसा वाचवून दाखवला. तेथे पाणी लोकांच्या घरी जात होते. ते मोजण्यात लबाडी करणे अवघड होते.

कॉर्नवॉलमध्येच हे का घडले? कोळसा महाग होता हे एक कारण. पण महागाईने गरज निर्माण होते, तेवढ्याने शिकणे सुरू होत नाही. १८०० ते १८११ या काळातही कोळसा महागच होता. दुसरे कारण मालकीच्या पद्धतीत होते. कॉर्नवॉलच्या खाणी अनेक भागधारकांच्या मिळून चालत आणि एकाच माणसाचे पैसे पाच-सहा खाणींत असत. त्याला एका खाणीने दुसरीवर मात करण्यात काय रस? सगळ्यांचीच इंजिने सुधारली तर त्याचा फायदा जास्त. तिसरे कारण इंजिनिअरांचे. ते एका खाणीचे नोकर नसत. एकाच वेळी अनेक खाणींची इंजिने सांभाळत. पत्रकात नाव छापून येई, आणि चांगल्या आकड्याने पुढचे काम मिळे. आपली युक्ती लपवण्यापेक्षा ती दिसण्यात त्यांचे हित होते.

खाणकामगारांची मजुरीही पुष्कळदा ठराविक दिवशी बोली लावून ठरे. अमुक जागेतून निघालेल्या धातुकाच्या किमतीत अमुक हिस्सा, असा तो सौदा असे. खडक पाहून, मागचा अनुभव आठवून, हिशेब करून बोली लावायची, ही त्या लोकांची सवयच होती. आकड्यांची भीती बाळगणारा तो समाज नव्हता. १८३३ मध्ये फाल्मथ येथे एक पॉलिटेक्निक सोसायटी निघाली. तिची कल्पना फॉक्स कुटुंबातील मुलींची. थोरली अ‍ॅना मारिया तेव्हा विशीतही नव्हती. पेरान येथे त्यांच्या कुटुंबाचा ओतकामाचा कारखाना होता. तेथील कामगार काही ना काही नव्या युक्त्या करतात, त्या लोकांपुढे मांडायला जागा असावी, हा हेतू. प्रदर्शने भरत, बक्षिसे दिली जात. खाणकामगारांना पाळी संपल्यावर शेकडो फूट शिड्या चढून वर यावे लागे. त्यांना वर आणणाऱ्या यंत्रासाठी सोसायटीने बक्षीस लावले, आणि मायकेल लोम या इंजिनिअरने केलेले यंत्र १८४२ मध्ये ट्रेसाव्हीन खाणीवर सुरू झाले.

या सगळ्यातून विज्ञानालाही काही मिळाले. डेव्हिस गिल्बर्ट हे कॉर्नवॉलचे गणिती, ट्रेव्हिथिकचे सल्लागार आणि पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. इंजिनाने केलेले काम आणि त्याला मिळालेले काम यांचा वेगवेगळा विचार केला पाहिजे असे त्यांनी १८२७ मध्ये मांडले. आपण आज ज्याला ‘कार्यक्षमता’ म्हणतो त्या इंग्रजी शब्दाचा या अर्थाने वापर तेव्हापासूनचा. फ्रान्समध्ये सादी कार्नो याने १८२४ मध्ये उष्णतेपासून मिळणाऱ्या कामावर जी छोटी पुस्तिका लिहिली आणि जिच्यातून पुढे उष्मागतिकी उभी राहिली, तिच्यात वुल्फ आणि ट्रेव्हिथिक यांची नावे येतात आणि कॉर्नवॉलच्या इंजिनांचा दाखलाही येतो. पाठ्यपुस्तकात कार्नो आधी येतो आणि इंजिन उदाहरण म्हणून नंतर. प्रत्यक्षात घडले ते उलट.

सगळ्यांना सारखे मिळाले असे मात्र नाही. ट्रेव्हिथिक १८१६ मध्ये पेरूच्या चांदीच्या खाणींकडे गेला आणि अकरा वर्षांनी रिकाम्या हाताने परतला. आपल्या इंजिनामुळे खाणींचा किती कोळसा वाचला ते सांगून १८२८ मध्ये त्याने पार्लमेंटकडे मोबदल्यासाठी अर्ज केला. त्यातून काही निघाले नाही. १८३३ मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला. ज्ञान खुले ठेवणाऱ्याच्या पोटाची व्यवस्था त्या पद्धतीत नव्हती. इतर इंजिनिअरांची फी चालू होती आणि भागधारकांना नफा मिळत होता. ज्याने सुरुवात केली तो मात्र मधल्यामध्ये राहिला. कॉर्नवॉलचे कौतुक करणाऱ्यांनी हे पान गाळू नये.

पुढे पत्रकाचेही काहीतरी बिनसले. १८३० च्या दशकापासून आकडा हीच मोठी गोष्ट होऊन बसली. सर्वांत वर कोणाचे इंजिन, याची चर्चा होऊ लागली. वरचा क्रमांक मिळवण्यासाठी दाब आणि प्रसरण इतके ताणले जाऊ लागले की दर खेपेच्या सुरुवातीच्या हिसक्याने तुळया आणि पंपांचे दांडे मोडू लागले. इंजिन बंद पडले की खाणीत पाणी चढे, आणि वाचवलेल्या कोळशाहून अधिक नुकसान होई. आकड्यांवर संशय घेतले जाऊ लागले. १८४७ मध्ये लीनला प्रतिस्पर्धी म्हणून दुसरे पत्रकही निघाले. पुष्कळ खाणींनी नावे काढून घेतली. सरासरी वाढायची थांबली आणि मग उतरू लागली.

कार्यक्षमतेची व्यवहारातली मर्यादा जवळ आली होती हे याचे एक कारण. धातूंचे भाव पडून १८६६ मध्ये कॉर्नवॉलचा तांब्याचा धंदाच कोसळला हे दुसरे. तरी काउंटरचे तिसरे आयुष्य येथे नजरेआड करता येत नाही. वॉटच्या वेळी तो बिलासाठी होता. लीनच्या वेळी तो एकमेकांकडून शिकण्यासाठी झाला. शेवटी तो क्रमांकासाठी उरला, आणि शेऱ्याचा रकाना कोणी वाचेनासे झाले. यंत्र तिन्ही वेळा तेच होते.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे हा शेवटचा प्रकार चांगला ओळखतो. उपकरणाशेजारच्या नोंदवहीत बिघाड आणि फसलेले प्रयोग लिहिले जातात तोवर नवा विद्यार्थी तिच्यातून शिकतो. ती वही वार्षिक अहवालासाठी वरिष्ठांकडे जाणार असे कळले की तिच्यात फक्त यशस्वी प्रयोग दिसू लागतात. शाळेच्या तपासणीच्या आठवड्यात लिहिल्या जाणाऱ्या टाचणवह्यांबद्दल आमच्यापेक्षा वाचकांना अधिक सांगता येईल.

या पत्रकाच्या खंद्या पुरस्कर्त्यांत जॉन टेलर हा खाण-उद्योजक होता. त्याच्या घराण्याची ‘जॉन टेलर अँड सन्स’ ही कंपनी १८८० मध्ये आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींवर आली. कॉर्नवॉलमध्ये काम न उरलेले पुष्कळ खाणकामगार तिच्यामागोमाग तेथे पोहोचले. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण होईपर्यंत या खाणींचे व्यवस्थापन त्या कंपनीकडे होते. कॉर्नवॉलचा खाणप्रदेश २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतला गेला. माळावर, कड्यांवर इंजिनघरांच्या दगडी भिंती आणि धुराडी अजून उभी आहेत. बहुतेकांतली इंजिने भंगारात गेली. ईस्ट पूल खाणीवरचे एक इंजिन मात्र जागेवर आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९० इंच आहे. हेल येथील हार्वीच्या कारखान्यात ते १८९२ मध्ये बनले आणि १९५४ पर्यंत, म्हणजे लीनचे पत्रक बंद पडल्यानंतर अर्धशतकभर, पाणी उपसत होते.